भरतीचा फोटो, ओहोटीचा फोटो: गोव्यात बसून मोजलेल्या एका हिमनदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी भूगोल शिकवते. २०२४-२५ या वर्षी माझ्या तीन विद्यार्थ्यांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हिमालयातली एक हिमनदी घेतली आणि उपग्रहाच्या प्रतिमांवरून ती किती मागे सरकली हे मोजायचं ठरवलं. त्या कामात काय चुकलं, ते कुणाच्या लक्षात आलं आणि आम्ही पुढे काय केलं, ते इथे लिहिते आहे. मुलांची, महाविद्यालयाची आणि हिमनदीची नावं देत नाही. आमचा पहिला, चुकीचा आकडाही देत नाही. तो अजून फिरतो आहे आणि त्याला आणखी एक जागा मला द्यायची नाही.

गोव्यात बसून बर्फ कशाला मोजायचा, असं प्राचार्यांपासून पालकांपर्यंत सगळ्यांनी विचारलं. खरं तर हिमालयातल्या बर्फाचा अभ्यास गोव्याला नवा नाही. वास्कोच्या हेडलँड सड्यावरच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने २०१६ साली हिमाचल प्रदेशात चंद्रा नदीच्या खोऱ्यात, ४,००० मीटरच्याही वर, 'हिमांश' हे संशोधन केंद्र उभारलं. आमची हिमनदीही त्याच खोऱ्यातली. चंद्रा आणि भागा तांदीला मिळतात, तिथून पुढे चिनाब होते, आणि ते पाणी सिंधूतून शेवटी आपल्याच अरबी समुद्रात येतं. मुलांना हे नकाशावर बोटाने दाखवल्यावर त्यांनी दुसरा विषय पाहिलाच नाही.

खर्चही नव्हता. लँडसॅट उपग्रहांचा सगळा जुना साठा २००८ पासून फुकट मिळतो. युरोपच्या सेंटिनेल-२ च्या प्रतिमा २०१५ पासून आहेत, त्याही फुकट. लँडसॅटच्या प्रतिमेतली एक चौकट जमिनीवरच्या ३० बाय ३० मीटरची असते, सेंटिनेल-२ ची मुख्य पट्ट्यांत (म्हणजे प्रकाशाच्या एकेका रंगाच्या नोंदीत) १० बाय १० ची. आमच्या प्रयोगशाळेतले संगणक जुने आहेत, पण क्यूजीआयएस हे नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर चालतं. आणखी काही लागणार नव्हतं.

पहिला निकाल

मुलांनी लँडसॅट-७ ची २००० सालची एक प्रतिमा घेतली आणि सेंटिनेल-२ ची २०२४ ची. बर्फ ओळखायला नेहमीची पद्धत वापरली. बर्फ हिरवा प्रकाश भरपूर परावर्तित करतो आणि लघु-अवरक्त प्रकाश जवळजवळ गिळून टाकतो. म्हणून या दोन पट्ट्यांच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेने भागलं की बर्फाच्या जागी मोठा अंक येतो. ०.४ च्या वर आलं की बर्फ, असा सर्वसाधारण उंबरठा. ढगही डोळ्यांना पांढरेच दिसतात, पण ते लघु-अवरक्त प्रकाश परत फेकतात, त्यामुळे वेगळे काढता येतात.

दोन्ही वर्षांच्या रेषा एकमेकींवर ठेवल्या आणि आम्ही सगळेच गप्प झालो. हिमनदीचा खालचा भाग जणू पुसून टाकला होता. चोवीस वर्षांत एवढा! काणकोणच्या मुलाने लाल-निळ्या रंगांत नकाशा केला. तो इतका बोलका होता की मी तो स्टाफरूममध्ये नेऊन दाखवला. प्राचार्यांनी तो एका स्थानिक दैनिकातल्या ओळखीच्या माणसाला पाठवला. २१ मार्च २०२५ हा पहिला जागतिक हिमनदी दिवस होता, त्या दिवसाच्या अंकात लेख यावा असं ठरू लागलं. महाविद्यालयाच्या प्रदर्शनासाठी फलकही छापून झाला.

या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण हाच होता, आणि तिथे निर्णय घ्यायचा आहे हे मला कळलंसुद्धा नाही. निकाल तपासण्याआधी तो खोलीबाहेर गेला, आणि बाहेर नेणारी मीच होते.

शंका कुठून आली

तिसरी विद्यार्थिनी चोडणची. तिच्या घरची खाजन शेती आहे, म्हणजे भरतीचं पाणी बांधांनी अडवून केलेली; आजोबा मानशीची, म्हणजे त्या बांधातून पाणी आत-बाहेर सोडायची दारं सांभाळायचे. सादरीकरणाच्या सरावात ती बराच वेळ नकाशाकडे बघत होती. मग म्हणाली, "मॅडम, आमच्या मानशीपाशी उभं राहून एका वर्षी भरतीला फोटो काढला आणि दुसऱ्या वर्षी ओहोटीला, तर नदी आटली म्हणायचं का?"

मी म्हटलं, "अगं, असं का विचारतेस?"

"जुना फोटो जूनचा आहे आणि नवा सप्टेंबरचा."

तारखा फाइलीच्या नावातच होत्या. आम्ही चौघांनी त्या शंभरदा वाचल्या असतील. नजर मात्र फक्त वर्षावर जात होती.

नेमकं काय चुकलं होतं

चंद्रा खोरं पीर पंजाल रांगेच्या पलीकडे आहे. तिथे मोसमी पाऊस कमी पोहोचतो, बर्फ पडतो तो बहुतेक हिवाळ्यात. हा हंगामी बर्फ मे-जूनपर्यंत डोंगरउतारांवर, हिमनदीच्या मुखाखालच्या, म्हणजे तिच्या खालच्या टोकापुढच्या दरीतही पसरलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये तो वितळत वर जातो. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, नवा बर्फ पडण्याआधी, हिमनदीचा स्वतःचा बर्फ उघडा पडतो. मोजायचं ते तेव्हाच. आमच्या सूत्राला हंगामी बर्फ आणि हिमनदीचा बर्फ यांतला फरक कळत नाही, दोन्ही ०.४ च्या वरच. त्यामुळे २००० सालच्या रेषेत जूनचा उरलेला बर्फ सामावला होता. भरतीचं पाणी मोजून ती नदीची कायमची रुंदी धरावी, तसं.

जूनची प्रतिमा निवडली कुणी, हे शोधताना मी माझ्याच सवयीपाशी येऊन थांबले. गोव्यात उपग्रहाचं काम करणाऱ्याचा शत्रू एकच, ढग. जूनपासून सप्टेंबरपर्यंत डिचोलीच्या खाणी असोत की मांडवीचं मुख, धड प्रतिमा मिळत नाही. म्हणून मी वर्षानुवर्षं शिकवत आले की यादी ढगांच्या टक्केवारीने लावा आणि सगळ्यात वरची उचला. मुलांनी सांगितलं तेच केलं. पण ती टक्केवारी जवळपास १८० किलोमीटर बाजूच्या अख्ख्या प्रतिमेची असते. आपली हिमनदी त्यात एखाद्या सुरकुतीएवढी. प्रतिमेत दहा टक्के ढग असले तरी ते नेमके तिच्यावर असू शकतात, आणि साठ टक्के असले तरी तिच्यावर एकही नसेल. शिवाय ढग ओळखणारा संगणकी हिशेब बर्फालाच ढग समजण्याची चूक करतो. गोव्याचा नियम मी विचार न करता लाहौलला, म्हणजे चंद्रा खोऱ्यात, नेला होता. तिथे ढगांपेक्षा जास्त फसवतो तो हंगामी बर्फ.

दुसरी चूक नव्या प्रतिमेत होती आणि ती आम्हाला आपणहून सापडली नाही. हिमालयात काम केलेल्या एका संशोधकांनी फोनवर अर्धा तास दिला. नकाशा पाहून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पाणी कुठून बाहेर पडतंय ते पाहिलंत का?" आम्ही पाहिलं. सेंटिनेलच्या प्रतिमेत हिमनदीतून निघणारा ओढा आमच्या रेषेच्या बराच खाली सुरू होत होता.

कारण असं. हिमालयातल्या कित्येक हिमनद्यांच्या खालच्या टोकावर दगड, वाळू, माती यांचा थर असतो. कड्यांवरून कोसळलेलं सगळं बर्फ वाहून आणतो, आणि वरचा बर्फ वितळला की ते माथ्यावर साचत जातं. खाली बर्फ असतो, वरून मात्र तो भाग शेजारच्या खडकासारखाच दिसतो. आमचं सूत्र स्वच्छ बर्फ संपला तिथे थांबलं आणि राडारोड्याखालचं सगळं टोक त्याने हिमनदीबाहेर टाकलं.

दोन्ही चुका एकाच दिशेने गेल्या, याची मला अजूनही धास्ती वाटते. एकीने जुनी रेषा खाली ओढली, दुसरीने नवी रेषा वर ढकलली. विरुद्ध दिशांनी गेल्या असत्या तर आकडा विचित्र आला असता आणि आम्ही थबकलो असतो. इथे आकडा हवा तसाच आला.

समोरचे पर्याय

सादरीकरणाला चार आठवडे होते. दैनिकातून रोज विचारणा होत होती. आम्ही शनिवारी दुपारी बसलो.

काणकोणच्या मुलाचं म्हणणं होतं की नकाशा ठेवावा आणि खाली तळटीप द्यावी: प्रतिमा वेगवेगळ्या ऋतूंतल्या आहेत. नियमाला धरून ते चाललं असतं. पण तळटीप वर्तमानपत्रात छापली जात नाही, नकाशा छापला जातो.

विषयच बदलावा, मांडवीच्या किनाऱ्याचं काम घ्यावं, हा विचार माझा. तिथली भरती-ओहोटी आम्हाला पाठ आहे. मुलांनी तो ऐकूनही घेतला नाही.

सत्तरी तालुक्यातल्या दुसऱ्या मुलाने जगभरच्या हिमनद्यांच्या तयार सीमारेषांचा संग्रह सुचवला. रँडॉल्फ सूची म्हणून तो ओळखला जातो आणि त्यातल्या बहुतेक रेषा साल २००० च्या आसपासच्या आहेत. पर्याय चांगला होता, कारण जुनी बाजू तज्ज्ञांनी आखलेली मिळाली असती. अडचण अशी की जुनी रेषा एका हाताची आणि नवी दुसऱ्या हाताची झाली असती. राडारोड्याखालचं टोक कुठे संपतं यावर दोन जाणकारांचंही एकमत होत नाही. मग फरक हिमनदीतला की हातांतला, हे सांगणार कोण? ती रेषा ताडून पाहायला वापरायची, मोजायला नाही, असं ठरलं.

उरलं ते सगळं नव्याने करणं. तेच घेतलं. लेख थांबवायचा निरोप मी त्याच संध्याकाळी प्राचार्यांना दिला. ते नाराज झाले.

काय केलं

आधी प्रतिमा. या वेळी ढगांची टक्केवारी न पाहता २००० ते २००२ या तीन वर्षांतल्या ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरपर्यंतच्या सगळ्या उपलब्ध प्रतिमा एकेक करून डोळ्यांनी तपासल्या. मे २००३ मध्ये लँडसॅट-७ चं एक यंत्र बिघडलं आणि नंतरच्या त्याच्या प्रत्येक प्रतिमेत काळे पट्टे येतात, जवळजवळ बावीस टक्के भाग गायब. म्हणून त्याआधीचीच वर्षं. त्यातून सप्टेंबर २००१ ची निवडली, कारण तिच्यात उतारांवर बर्फ सगळ्यात कमी होता. ऑक्टोबरची एक फार स्पष्ट प्रतिमा होती, पण ताज्या बर्फाचा हात फिरलेला दिसला, म्हणून सोडली. २०२४ चीही अशीच पुन्हा पारख केली.

मग रेषा. राडारोड्याच्या भागात सूत्र बाजूला ठेवून हाताने आखायचं ठरलं, आणि कशाच्या आधाराने आखायचं ते आधी कागदावर लिहिलं. ओढा जिथून उगम पावतो ती जागा. बर्फाच्या उघड्या कड्यांच्या सावल्या. पृष्ठभागावरची छोटी तळी, कारण ती बर्फावरच साचतात. आणि उंचीच्या नकाशात दिसणारा उताराचा मोड, हिमनदीचं टोक संपून दरीचा सपाट तळ सुरू होतो तो.

तिघांनी रेषा वेगवेगळ्या आखल्या, एकमेकांच्या न बघता. ही कल्पना त्या संशोधकांची. स्वच्छ बर्फाच्या कडेला तिघांच्या रेषा जवळजवळ एकच आल्या. राडारोड्याच्या टोकाशी मात्र त्या फाकल्या. सत्तरीचा मुलगा खाली गेला, चोडणची वर थांबली. मी पटकन 'मधली घ्या' म्हणणार होते, तेवढ्यात तीच म्हणाली की हा फाकलेला भाग नकाशात तसाच दाखवूया. शेवटच्या नकाशात मुखाशी रेषेऐवजी पट्टा आहे.

सगळ्यात शेवटी चुकीची मर्यादा. सर्रास वापरलं जाणारं गणित असं: दोन्ही प्रतिमांच्या चौकटींच्या बाजूंचे वर्ग मिळवायचे, त्यांचं वर्गमूळ काढायचं, आणि दोन प्रतिमा एकमेकींवर बसवताना राहिलेली चूक त्यात मिळवायची. ३० चा वर्ग ९००, १० चा १००. हजाराचं वर्गमूळ ३१.६. बसवण्याची चूक अर्धी चौकट, म्हणजे १५ मीटर धरली. एकूण सुमारे ४७ मीटर. तेवीस वर्षांत वाटलं तर वर्षाला २ मीटर, हे चालण्याजोगं आहे.

याच गणिताने मुलांच्या पहिल्या अहवालातला एक अख्खा तक्ता निकालात काढला. त्यांनी २०१७ पासून दर वर्षीचं मागे सरकणं मांडलं होतं, आणि एखाद्या वर्षी हिमनदी पुढे आल्याचंही दिसत होतं. सेंटिनेलच्या दोन प्रतिमांत १० आणि १० च्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ १४, त्यात बसवण्याची चूक १० धरली तरी २४ मीटर होतात. हिमालयातल्या पुष्कळ हिमनद्यांचं मुख वर्षाला दहा-पंधरा मीटरच मागे जातं. म्हणजे तो तक्ता हिमनदीचा नव्हता, चौकटींच्या थरथरीचा होता. तो काढून टाकताना काणकोणच्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचे त्यावर तीन आठवडे गेले होते.

निघालेला आकडा, आणि तो सांगायची अडचण

नवा आकडा पहिल्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी आला. हिमनदी मागे सरकली आहे यात शंका नव्हती, चुकीच्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे सरकली होती. पण लाल-निळ्या नकाशातला तो धक्का गेला.

इथून खरा अवघड प्रश्न सुरू झाला. लहान आकडा सांगितला की ऐकणारा सुटकेचा निःश्वास टाकतो: म्हणजे एवढं काही झालेलं नाही. आणि ते साफ चुकीचं आहे. राडारोड्याने झाकलेल्या हिमनदीचं मुख हा तिच्या तब्येतीचा फसवा पुरावा असतो. दगडांचा थर पातळ असला तर तो ऊन शोषून खालचा बर्फ लवकर वितळवतो. काही सेंटिमीटरांहून जाड झाला की तोच थर गोधडीसारखा बर्फाला उन्हापासून वाचवतो. मग टोक जागच्या जागी राहतं आणि हिमनदी वरून बारीक होत जाते. लांबी तीच, जाडी घटलेली. वरून काढलेल्या फोटोत जाडी दिसत नाही.

जाडी मोजायची तर दोन काळांतले उंचीचे नकाशे वजा करावे लागतात. आमच्या वकुबात ते नव्हतं. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने केलेला उंचीचा नकाशा फुकट मिळतो, पण ते किरण कोरड्या बर्फात काही मीटर आत शिरून मग परततात, त्यामुळे उंची कमी भरते. हे दुरुस्त करायचं ज्ञान आमच्याकडे नव्हतं, म्हणून त्या वाटेला गेलो नाही. अहवालात मात्र ज्यांनी हे काम नीट केलं आहे त्यांचा निष्कर्ष दिला. १९७० च्या दशकातल्या अमेरिकी हेर-उपग्रहांचे नंतर खुले झालेले फोटो वापरून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की हिमालयातल्या हिमनद्यांचं वस्तुमान २००० नंतर त्याआधीच्या पंचवीस वर्षांच्या दुप्पट वेगाने घटतं आहे.

मुलांनी विचारलं, मोठा आकडा दिला असता तर लोक जागे तरी झाले असते ना? मी त्यांना २०३५ ची गोष्ट सांगितली. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील असं वाक्य गेलं होतं. त्याला आधार नव्हता. २०१० च्या जानेवारीत समितीला ते चुकल्याचं मान्य करावं लागलं. हजारो पानांच्या काटेकोर कामावर शंका घ्यायला विरोधकांना ते एक वाक्य पुरलं. आमचा नकाशा त्या अहवालापुढे धुळीएवढा, पण ज्या चार गावांत तो पोहोचला असता तिथे त्याने हेच केलं असतं.

पुढे काय झालं

फलक पुन्हा छापला. त्यावर पट्टा असलेला नकाशा, तारखा ठळक अक्षरांत, आणि खाली दोन वाक्यं: मुख किती मागे गेलं ते इथे मोजलं आहे, हिमनदी किती पातळ झाली ते मोजलेलं नाही. दैनिकाने लेख घेतला नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांना निकाल 'ठळक नाही' असं वाटलं आणि गुण अपेक्षेपेक्षा कमी पडले. मुलांनी ते समजून घेतलं. मला अजून जड जातं, कारण त्या वर्षी माझ्याकडे याहून प्रामाणिक काम दुसरं नव्हतं.

आणि जुना नकाशा? स्टाफरूममधून तो कुणाच्या तरी मोबाइलवर गेला होता. पावसाळ्यात एका शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेला मी परीक्षक म्हणून गेले होते. सातवीतल्या एका मुलीने पाठ केलेल्या भाषणात आमचा पहिला आकडा म्हणून दाखवला, 'गोव्यातल्या विद्यार्थ्यांचं संशोधन' म्हणून. स्पर्धा झाल्यावर मी तिच्या बाईंना गाठून सगळं सांगितलं. त्या चांगल्या होत्या, मुलीला बोलावून समजावलं. बाकी कुठे कुठे तो म्हटला गेला असेल, ते मला कळणार नाही.

पुन्हा केलं तर

हिमालयात पाय ठेवलेल्या माणसाला फोन पहिल्या आठवड्यात करेन. आम्ही तो शेवटून दुसऱ्या महिन्यात केला, तोही संकोच करत. त्यांच्या एका प्रश्नाने जे दाखवलं ते आम्ही तिघा-चौघांनी संगणकासमोर बसून दाखवू शकलो नसतो.

प्रतिमा निवडायचे नियम प्रतिमा उघडण्याआधी लिहून ठेवेन: महिना कोणता, उतारांवर किती बर्फ चालेल, कोण ठरवणार. निकाल डोळ्यांपुढे आल्यावर नियम लिहिले की ते त्या निकालाच्या बाजूला झुकतात. आणि एकेका वर्षाची एकच प्रतिमा घेण्याऐवजी त्या वर्षाचे सगळे महिने ओळीने बघेन. जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या प्रतिमा एकामागोमाग पाहिल्या असत्या तर हंगामी बर्फ वर वर जाताना पहिल्याच दिवशी दिसला असता.

लँडसॅट-७ ला १५ मीटर चौकटीचा एक कृष्णधवल पट्टाही आहे. हाताने रेषा आखताना तो वापरला असता तर ४७ मीटरची मर्यादा ३३ वर आली असती. हे आमच्या ध्यानात उशिरा आलं.

नकाशा स्टाफरूममध्ये नेण्याबद्दल मी काही नियम करू शकलेले नाही. आनंद झाला की माणूस दाखवतोच. एवढं ठरवलं आहे की तिघांनी वेगवेगळ्या आखलेल्या रेषा हाती येईपर्यंत नकाशात रंग भरायचे नाहीत.

चोडणची मुलगी आता पुढचं शिकते आहे, पण सप्टेंबरमध्ये प्रयोगशाळेत येऊन गेली. नव्या तुकडीला तिने त्या हिमनदीची यंदाची प्रतिमा उतरवून दिली आणि जुनं फोल्डर लावून दिलं. जून २००० ची प्रतिमा मी काढून टाका म्हटलं होतं. तिने ती ठेवली आहे, फाइलीच्या नावापुढे 'भरती' असं लिहून.